गावांच्या नावाची कुत्री

संध्याकाळी कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, शिजत आली की कुत्र्यांना कळतं. चुलीवरच्या मोठ्या गंजात मी हळद आणि कोंबडीचे तुकडे टाकतो, आणि शेडमधलं भुंकणं थांबतं. कारध्याला, वैनगंगेच्या काठी, बंद पडलेल्या राइस मिलच्या शेडमध्ये माझ्या मुलीनं, प्रतिक्षानं, हा आसरा सुरू केला. गाडीखाली सापडलेली, म्हातारी झाली म्हणून सोडून दिलेली कुत्री इथे येतात. पलीकडे भंडारा दिसतो आणि पुलावरच्या गाड्या दिवसभर ऐकू येतात.

प्रतिक्षाचा एक नियम होता. कुत्रं ज्या गावात सापडलं, त्या गावाचं नाव त्याला द्यायचं. म्हणून आमच्याकडे लाखनी आहे, साकोली आहे, तीन पायांची करडी आहे. जेवणाच्या वेळी ताटं एका ओळीत आणि कुत्री भिंतीला लागून. नाव पुकारलं की तेवढंच कुत्रं उठणार, म्हणजे हिसकाहिसकी नाही. कोणाला आधी बोलवायचं हे ती रोज नव्यानं ठरवायची. ज्याचं दुखत असेल, त्याचा पहिला नंबर. मी बाजूला बादली उपडी घालून बसलेला असायचो. सगळी जेवली की ती माझ्याकडे वळायची. "चला बाबा, आता तुमचा नंबर," म्हणत थर्मासमधला चहा ओतायची.

मी वीज खात्यात मीटर तपासण्यात जन्म घालवला. करंट असला तर काटा फिरतो, नसला तर फिरत नाही. मधलं काही नसतं, असं मी लोकांना ठणकावून सांगायचो.

गेल्या हिवाळ्यात साकोलीच्या अलीकडे, मुंडीपार फाट्यावर, रस्त्याच्या मधोमध अडकलेलं एक पिल्लू उचलायला प्रतिक्षा स्कूटीवरून उतरली. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला होता म्हणतात. पिल्लू पळून गेलं. माझी पोर गेली. याहून वेगळ्या शब्दांत मला हे सांगता येत नाही.

माझी बायको मालनबाई त्यानंतर शेडमध्ये आली नाही. "कुत्र्यायच्या मागंच गेली माही लेक," ती म्हणते. "तुमी कायले जाऊन राहिले जी अजून तिथं?"

मी जातो, कारण गावांची नावं पुकारताना माझ्या तोंडून प्रतिक्षाचे शब्द निघतात. तिचं तेवढंच माझ्याजवळ उरलंय.

उन्हाळा लागता लागता संघपालनं एक काळं पिल्लू आणलं. संघपाल ऑटो चालवतो आणि प्रतिक्षा होती तेव्हापासून शेडचं काम बघतो.

"कुठून आणला रे?" मी विचारलं.

"भंडाऱ्याच्या स्टँडवरून, काका," तो म्हणाला आणि पाणी आणायला निघून गेला.

मी पिल्लाचं नाव भंडारा ठेवलं. पण ते नावाला उठेना. ताट पुढे सरकवलं तरी तोंड फिरवायचं. बोटानं दूध चाटवलं तर तेवढं घ्यायचं. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नाही म्हणाले. हळूहळू त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. मी त्याच्यावर खेकसायचो, मग माझीच लाज वाटून त्याला मांडीवर घ्यायचो. एका पिल्लापायी माझी पोर गेली होती. हे पिल्लू मी मरू देणार नव्हतो.

मग एक दिवस माझा घसा बसला. नावं पुकारायला तोंडातून आवाजच फुटेना. ताटं मांडली आणि आता कसं करावं म्हणून बादलीवर बसलो.

लाखनीनं कान टवकारले. उठली, ताटाशी आली, जेवायला लागली.

सवय, मी मनाशी म्हटलं. पण मी रोज करडीपासून सुरुवात करायचो. लाखनीच्या पंज्याला आदल्या दिवशी पट्टी बांधली होती. थोड्या वेळानं साकोलीचे कान उभे राहिले आणि साकोली उठली. मग करडी, उड्या मारत. दोघांच्या मध्ये एक नाव पुकारण्याएवढा वेळ सोडून सगळी येत गेली.

शेवटी पिल्लू राहिलं. त्यानं मान वर केली, शेपूट हलवली, आणि धावत येऊन सगळं ताट चाटूनपुसून खाल्लं.

भंडारा म्हटल्यावर ते कधीच उठलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी संघपालचा हात धरला. "खरं सांग. हे पिल्लू कुठलं?"

तो खाली बसला. रडायलाच लागला. "मुंडीपारचा आहे, काका. फाट्यावरच्या धाब्यामागं राहे. ताई ज्याले उचलाले गेली, तोच हा. तुमाले कसा सांगू? मले तोंडच नव्हतं जी."

म्हणजे पिल्लाला त्याचं नाव, मुंडीपार, मी दिलंच नव्हतं. संघपालनंही त्याला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती, हे मी दोनदा विचारून घेतलं.

त्या संध्याकाळी घसा बरा होता, तरी मी मुद्दाम गप्प बसलो. मीटर पुन्हा तपासावं तसं. ऊन उतरत होतं. संघपाल नदीवर गंज घासायला गेला होता.

कुत्री येत गेली. कान आधी, पाय नंतर. मी श्वास रोखून ऐकत होतो. पुलावरचा एक ट्रक, पाण्यावरचा वारा, ताटांचा आवाज. बाकी काही नाही. माझ्या लेकीचा आवाज त्या मुक्या जनावरांना ऐकू येत होता आणि मला, तिच्या बापाला, येत नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला. इतका की रडू आलं.

पिल्लू सगळ्यांत शेवटी उठलं, जेवलं.

जेवण झालं की कुत्री पांगतात. त्या दिवशी पांगली नाहीत.

भिंतीशी जाऊन बसली. पुन्हा सगळ्यांचे कान उभे राहिले.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कोणी उठेना. भिंतीच्या टोकाला, माझ्याजवळ बसलेली करडी बाजूला सरकली, वाट दिल्यासारखी.

मी बादलीवरून उठलो. ताटांच्या ओळीशी, जिथे ती उभी राहायची तिथे जाऊन थांबलो.

कुत्री आता माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी, खांद्याच्या जरा खाली, प्रतिक्षाच्या उंचीला बघत होती.

"बेटा," मी हळूच म्हटलं, "मले ऐकू नाही येऊन राहिलं. जरा मोठ्यानं बोल ना."

कुत्र्यांनी दचकून कान पाडले.