शामलाच्या जागी

जिवंतपणी फोटो काढायला नागपुरात कोणाला फुरसत नव्हती. लोक यायचे ते माणूस गेल्यावर. तेरवीला हार घालायला फोटो पाहिजे, अन् घरात एकही नाही! सक्करदऱ्यातला माझा स्टुडिओ या लोकांच्या आळसावर चालला. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो.

चौऱ्याहत्तरला मी पाटी लावली: 'फोटो नसलेल्या मयताचा फोटो करून मिळेल.' त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला गडाच्या पायऱ्यांवर पत्रकं वाटली. रीत साधी होती. मयताच्या तोंडवळ्याचा नातेवाईक खुर्चीत बसवायचा आणि घरच्यांना विचारत निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची. गाल बसवायचे, मिशी वाढवायची. बहुतेकांचं समाधान व्हायचं. दुःखात माणूस काहीही ओळखतो.

मला पहिल्यांदा गप्प केलं खाप्याच्या रुखमाबाईंनी. नवरा रुपराव गेलेला, त्याच्या जागी भाऊ बसला. प्रिंट पाहून बाई म्हणाल्या, "भुवईतली खोक कोणं सांगतली तुमाले?"

कोणी सांगितली नव्हती. भावाच्या भुवईत खोक नव्हती. माझी पेन्सिलही तिथवर गेली नव्हती.

"अनुभव आहे, बाई," मी म्हटलं.

मग तसंच होत गेलं. कोणाचा तुटका दात, कोणाच्या डोळ्यातलं फूल, आपोआप उतरू लागलं. मी पेन्सिल ठेवून दिली आणि पाटी मोठी केली. उमरेड, काटोलहून माणसं येऊ लागली. दाराजवळची शोकेस मयतांनी भरली.

त्यात माझी बायको नव्हती.

शामला गेली ती पाटी लावायच्या आदल्या वर्षी, चैत्रात, काविळीने. नऊ वर्षांचा संसार, फोटो एक नाही. फिल्मची टंचाई असायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती पदर सारखा करून खुर्चीशी यायची. "माहा बी काढा ना एखादा."

"फिल्म गिऱ्हाइकाची आहे वं."

दर वेळी हेच. हजारो चेहरे काढले मी, आणि तिची हनुवटी कशी होती ते मला आठवेना. दिवसेंदिवस तिचा चेहरा नीट न धुतलेल्या प्रिंटसारखा विटत चालला होता. दोन वर्षं धीर झाला नाही. मग तिच्या धाकट्या बहिणीला, प्रेमलताला, सावनेरला पत्र टाकलं.

ती नवऱ्याबरोबर आली. देवराव हसत म्हणाला, "पाहा वामनराव, माही बायको तुमच्या फोटोत तरी कमी बोलंल!" आणि तर्री-पोहे खायला निघून गेला.

पहिला फोटो. शामलाचाच भांग, बाळ्यांनी ओघळलेली तिचीच कानाची पाळी. पण तोंड बाजूला, खिडकीकडे.

"भाऊजी, मी तं सरळच पाहून राहिली होती," प्रेमलता म्हणाली. खरं होतं.

दुसरा. अंबाडा. मानेवरचा तीळ, जो मी विसरलो होतो. तिने पाठ फिरवली होती.

प्रेमलता रडायला लागली. "ताई रुसली. राहू द्या आता."

"एकच. हात जोडतो."

कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं. काचेवर प्रेमलता उलटी दिसत होती. नऊ वर्षांत जे बोललो नाही ते त्या अंधारात बोललो. "चुकलो, शामला. एकदा पाह्य माह्याकडे."

तिसऱ्यात ती पाहत होती.

सरळ, माझ्याकडे. हनुवटी अशी होती तर.

प्रेमलता तो फोटो न पाहताच उठली. जाताना तिचं तोंड मला दिसलं नाही. मला तेव्हा तिची पर्वाही नव्हती.

महिन्याने देवराव एकटा आला. पायरी चढला नाही.

"वामनराव, ते फोटो फाडा."

"काहून?"

"ती भिंतीकडे तोंड करून बसते. काही बोलत नाही. फोटो फाडा, एवढंच म्हणते. महिना झाला, पोराईनं मायचं तोंड नाही पाह्यलं."

"समजावून सांगा तिले."

"काल मी भिंत अन् तिच्या मधात घुसलो गा. समोरून पाहाव म्हटलं."

 

"मंग?"

"तिकडूनबी अंबाडाच."

मी आत गेलो. फोटो हातात घेतला. शामला पाहत होती.

मग जुन्या वर्तमानपत्राचं एक पान उचललं, आणि देवरावाला ऐकू जाईल असं टराटरा फाडलं.