कोपऱ्यावर जाऊन बघता?

खरं तर तो वरच्या मजल्यावर निघाला होता. पण जिन्यातच एक दार उघडलं आणि बोटांना डिंक लागलेली एक मुलगी म्हणाली, "अहो, तुम्ही इंटरनेटवाले ना? पाचच मिनिटं... प्लीज!"

पाच मिनिटांचं काम म्हटलं की इंटरनेटवाले सहसा पळ काढतात. हा मात्र मुकाट्याने आत गेला.

ती घरीच पुस्तकांची बांधणी करायची. शिवायला आलेल्या पुस्तकांच्या चळतीमागे एक जुना लॅपटॉप अखंड चालू असे. वडिलांनी जाण्याआधी आपल्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या गोष्टी त्यात होत्या. परदेशातल्या ताईच्या लेकीला ऐकता याव्यात म्हणून तिने त्या लॅपटॉपवरूनच एका वेबपानावर ठेवल्या होत्या. ताईकडे मात्र पान उघडत नव्हतं.

"माझ्या फोनवर तर उघडतंय की!"

"तुम्ही घरातच आहात. राउटर म्हणजे दारावरचा वॉचमन. तो घरातल्यांना कशाला अडवेल? बाहेरून यायला हवं."

म्हणून तो फोनचं वायफाय बंद करून रस्त्याच्या कोपऱ्यावर गेला. खिडकीतून तिने भुवया उंचावून विचारलं, त्याने मान हलवली — नाही. मग वर येऊन त्याने राउटरमधला लॅपटॉपचा चुकलेला पत्ता दुरुस्त केला आणि पान उघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं!

दुसऱ्या खेपेला चोर सापडला. तिची आई रोज दुपारी "त्या डबीलाही जरा विसावा हवा" म्हणत राउटरचं बटण बंद करायची. पुन्हा चालू झाला की लॅपटॉपला नवा पत्ता मिळायचा, आणि जुन्यावर घरातला प्रिंटर जाऊन बसायचा.

"म्हणजे ताई बिचारी रोज प्रिंटरचं दार ठोठावत होती?" ती इतकी खळखळून हसली, की पासवर्ड टाकताना तो दोनदा चुकला.

त्याने लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये कायमचा नोंदवला. ती त्याच्या खांद्यावरून सगळं बारकाईने बघत होती.

"आता काकूंनी दहादा बंद केला तरी चालेल."

"म्हणजे... आता कधीच बिघडणार नाही?"

"नाही."

दोघांचेही चेहरे पडले. जिना उतरताना तो स्वतःच्याच हुशारीला शिव्या देत होता. आता कुठल्या तोंडाने या घरी यायचं?

तीन दिवसांनी फोन आला. "बंद पडलंय... पुन्हा."

तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. राउटर उघडून बघतो तर नोंदच गायब! ती आपोआप जात नाही, पासवर्ड टाकून पुसावी लागते. आणि पासवर्ड ठाऊक होता फक्त दोघांना.

त्याने मागे वळून पाहिलं. ती सुईत दोरा ओवण्यात गढली होती. दोरा आधीच ओवलेला होता.

चेष्टा करावी, आणि आपला अंदाज चुकला तर? हे दार कायमचं बंद व्हायचं. त्याने गुपचूप नोंद पुन्हा केली.

"कोपऱ्यावर जाऊन बघता?" लॅपटॉप जवळ ओढत ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

तो कोपऱ्यावर पोचला. पान उघडलं. गोष्टींच्या यादीवर एक नवी ओळ होती —

"नोंद मीच पुसली. तुम्हाला बोलवायला दुसरं काही सुचलं नाही. रागावला असाल तर कोपऱ्यावरूनच परत जा."

त्याने ती दोनदा वाचली. वर पाहिलं, तर खिडकीत कुणीच नव्हतं. मग फोन वाजला.

"उघडलं?" आवाज अगदी लहान.

"उघडलं."

"मग...?"

"रागावलोय. तीन दिवस वाट बघायला लावलीत म्हणून."

पलीकडे एकदम गडबड — "थांबा हं, ताईचा फोन येतोय..."

एक मिनिट गेलं. त्याला ते फार लांबलचक वाटलं.

"ताईकडेही उघडलं," ती परत आली.

"वा! झालं की मग काम!"

"अहो, कसलं झालं! ओळ खोडायची राहिली. तिने वाचली ना ती!"

"अरे बापरे. काय म्हणाल्या?"

"म्हणाली..." ती अडखळली, मग हसली. "म्हणाली, त्याला बाहेर कशाला उभं केलंयस? आत घे."

तो धावतच जिना चढला. दार उघडंच होतं.