चित्राला लावलेली तीट

"एवढी चित्रं पाठवतं तरी कोण?" बजरंगनं हे शंभरदा विचारलं असेल. त्याची थोरली बहीण पूर्णिमाताई नुसती हसायची, तोंडावर हात धरून, खांदे उडवत. ती जाऊन आता वीस दिवस झाले होते. उत्तर राहिलं ते राहिलंच.

भर दुपारी तो बुधवार पेठेतल्या तिच्या ऑफिसात गेला, तो तिचा जेवणाचा डबा आणायला. खाली वायरी-बल्बांची दुकानं, वर दोन खोल्या. तिथं ताईनं फसव्या ईमेल अडवणारी चाळणी बनवली होती. साधे शब्द कुठलीही चाळणी वाचते. म्हणून बदमाश शब्दांचं चित्र करून पाठवतात आणि दर वेळी त्यावर वेगळी टिंबं शिंपडतात. मशीनला वाटतं, चित्र नवं.

बजरंग सातवीत शाळेतून पळालेला. पण रविवारी ताईनं मोबाईलवर चित्रं दाखवली की फटकन म्हणायचा, "तीच हाय की गं! नुसती तीट लावलीया." त्या एका वाक्यावर ताईनं अख्खी चाळणी उभी केली. आधी तीट पुसा, मग चित्र बघा.

"बरं झालं आलास," ताईच्या शेजारी बसणारा सौमित्र म्हणाला. "वीस दिवस रोज एक चित्र शंकेच्या खणात येऊन पडतंय. चाळणी अडवेना, सोडेना. आज निकाल नाही लागला तर गिऱ्हाईक ही चाळणी काढून दुसरी बसवणार. आणि पूर्णिमानं लिहून काय ठेवलंय? 'शंका आल्यास बजरंगला विचारा.' आम्ही इंजिनिअर उगाचच झालो."

बजरंग वाकून पाहू लागला. केसांच्या तेलाची जाहिरात. वीसही तीच. वर काळी टिंबं.

"पुढं कर... भराभर कर."

लहानपणी ताई त्याच्या वहीच्या कोपऱ्यांत माकडं काढायची. पानं फरफरवली की माकड उड्या मारायचं. तशी चित्रं सरकली आणि टिंबं हलली. टिंबांचे खांदे उडाले. तोंडावर हात आला.

वर पंखा घरघरत होता. त्या घरघरीखाली कुणीतरी खुदकन...

"तू हसलास?" सौमित्रनं हळूच विचारलं.

"न्हाय."

अंगावर काटा होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि वीस दिवस दगड होऊन बसलेली छाती एकदम हलकी झाली होती. "परत दाव!" बजरंग ओरडला. त्यानं ते दहादा पाहिलं, दहाही वेळा हसला.

"बजरंग... 'अडवा' दाबलं की ही सगळी पुसली जातील. कायमची."

"आन् न्हाय दाबलं, तर ताईची चाळणी जाणार?"

"हो."

इतक्यात एकविसावं चित्र आलं. तेच तेल. स्वच्छ, एकही टिंब नाही.

"टिंबं कुठं गेली?" म्हणत सौमित्र वळला आणि थबकला. "तुझ्या गालावर... हे मघाशी नव्हतं."

बजरंगनं बोट लावलं. ओलं काजळ. आई घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरायची, त्या काजळाचा वास.

"बास की गं ताई, घोडा झालोय आता," तो हसत म्हणाला आणि त्याच बोटानं 'अडवा'ची कळ दाबली.

कळीवर काळा ठसा उठला. टेम्पोचं स्टिअरिंग वळवून बजरंगची बोटं जाडजूड झालेली. ठसा मात्र बारीक होता, बाईमाणसाच्या करंगळीएवढा.

सौमित्रनं पुसायला रुमाल काढला. बजरंगनं त्याचा हात घट्ट धरला.