बत्तीसची फाइल

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे घडलेलं आहे. आणि भर दुपारी घडलेलं आहे.

जिच्या बाबतीत घडलं ती माझ्याबरोबर कानाच्या दवाखान्यात श्रवण-तपासणीचं काम करते. घरी तिला ताई म्हणतात. मीही तेच म्हणतो.

तिचे वडील अण्णा व्हायोलिन शिकवायचे. सहा आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पडले आणि गेले. धाकटा भाऊ बच्चू तेव्हा शेजारच्याच खोलीत होता.

अण्णांच्या स्वतःच्या वादनाची एकच कॅसेट होती. ती डेकमध्ये अडकून तुटली. उरली बच्चूने कॉम्प्युटरवर घेतलेली फाइल.

त्या रविवारी ताईने ती लावली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

व्हायोलिन कुठलं... पत्र्याच्या डब्यात पाणी हलवावं तसा आवाज.

"बत्तीस?" ती म्हणाली. "बत्तीस किलोबिटवर दाबलीस फाइल? अरे, फोनवरचं बोलणंसुद्धा याहून बरं ऐकू येतं. एवढी काय रे जागा अडवली होती अण्णांनी तुझी?"

बच्चूने आवाज कमी केला.

"फाइल दाबून लहान करायला कुठला एन्कोडर चांगला, यावर तू जगाशी भांडायचास. आणि बापाच्या सुरांचा असा चोथा केलास?"

"मूळ फाइल पुसली मी," तो एवढंच म्हणाला.

ताईने दात-ओठ खात हेडफोन चढवले. वाजवणाऱ्या प्लगइनचा दोष असेल, म्हणून तिने प्लगइन बदललं. फरक नाही. दुसरं लावलं. सूर जरा सुटे झाले.

तिसरं लावलं...

सुरांच्या खाली कुणीतरी हाक मारत होतं.

लांबून. बंद दाराआडून यावी तशी.

"बच्चू... अरे बच्चू..."

अण्णांचा आवाज.

तिने हेडफोन काढले. "रेकॉर्ड करताना माइक चालू होता?"

"माइक नव्हताच. डेकमधून सरळ वायर होती."

"कधी केलंस हे?"



"अण्णा पडले तेव्हा. माझ्या कानांवर हेडफोन होते, ताई. चार एन्कोडर ताडून बघत होतो. कुठला सूर नीट ठेवतो ते."

खोलीत कॉम्प्युटरचा पंखा तेवढा घरघरत होता.

"कानाला जाणवणार नाही ते एन्कोडर फेकून देतो," बच्चू म्हणाला. "वाटलं, इतकी पुसट हाक आधी जाईल. तीनशेवीसवर गेली नाही. एकशेअठ्ठावीसवर नाही. चौसष्टवर व्हायोलिन फाटलं, हाक तशीच. बत्तीसवर व्हायोलिन गेलं..."

"आणि?"

"अण्णा राहिले."

"पण डॉक्टर म्हणाले होते, लगेच गेले."

"डॉक्टर काही म्हणाले नव्हते. मी सांगितलं तसं सगळ्यांना."

फाइल बावीस मिनिटांची होती.

ताईने त्याच्या थोबाडीत मारली. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती फाइल घेऊन दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत बसली. तिथे बाहेरचा आवाज येत नाही. आपलाच श्वास मोठा वाटतो.

एकोणीस मिनिटं ती हाका ऐकत राहिली. हळूहळू क्षीण होत गेलेल्या.

मग काहीच नाही...

मग अगदी कानाशी...

"ताई, फोन उचल."

बच्चूने ती फाइल शेकडो वेळा ऐकली होती. ताईने आडून आडून विचारलं. हे वाक्य त्याला कधीच ऐकू आलं नव्हतं.

आणि ही गोष्ट ताईने कुणालाही सांगितली नव्हती, पण अण्णा पडले त्या दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिला अण्णांचा फोन आला होता. क्षुल्लक कारणावरून तिचा त्यांच्याशी अबोला होता. तिने फोन कापला होता.

मला हे सांगताना तिचा आवाज चढला होता. कुणावर चिडली होती, तिलाच ठाऊक नव्हतं.

"तू ऐकशील एकदा?" तिने विचारलं.

मी नाही म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशीही धड बोलत नाही.

त्या खोलीत मी आता दार किलकिलं ठेवूनच पेशंट तपासतो. अशाने तपासणी चुकते, हे मला माहीत आहे.

पण ते दार माझ्याच्याने पूर्ण लावलं जात नाही...