डिकीतून आलेली थाप

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, रात्रीचे सव्वाआठ. टिल्डन गावाबाहेरचं मूनरेकर ड्राइव्ह-इन, गाडीत बसूनच सिनेमा बघायचं मैदान. त्या रात्री शेवटचा खेळ होता. सोमवारी तिथे बुलडोझर येणार होते.

ते लाकूड जरा आत सरकवा, पोरांनो. आणि मध्ये हसू नका. जिची ही गोष्ट आहे ती बाई इथून तीन घरं सोडून राहते. वर्ना होल्ट. तुमच्यातल्या निम्म्यांनी तिच्या हातचा ॲपल पाय खाल्लाय.

वर्ना त्या रात्री एक वस्तू परत करायला निघाली होती. तुम्ही सिनेमाचा आवाज गाडीच्या रेडिओवर ऐकता. पूर्वी तिथे प्रत्येक गाडीशेजारी एक खांब असे आणि खांबावर वायरीला लटकलेला लोखंडी स्पीकर. तो काचेवर अडकवायचा. खेळ संपला की पेंगुळलेली माणसं तो तसाच विसरून गाडी हाणायची, वायर तटकन तुटायची आणि स्पीकर घरी यायचा. लाजेने कुणी परत नेत नसे. म्हणून मालकाने शेवटच्या खेळाला पाटी लावली होती : ‘चोरलेले स्पीकर आणा, पॉपकॉर्न फुकट, कान पिळणार नाही.’

वर्नाला असा एक स्पीकर सापडला होता. गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे, गोणपाटात गुंडाळलेला. नवऱ्याची गंमत करू म्हणून तिने तो गुपचूप पिशवीत टाकला.

तिचा नवरा ड्वाइट आपली जुनी निळी गाडी चालवत होता. पोरवयापासूनची. किती जणांनी मागितली, पण त्याने विकली नाही. पत्रा गंजला की नवा बसवायचा. त्याच मार्चमध्ये डिकीचं अख्खं झाकण नवं घातलं होतं.

फाटकावरच्या पोरीने खिडकीतून वाकून पाहिलं. “काय आजी, डिकीत कुणी नाही ना लपवलं?”

“आहेत ना, चौघं आहेत!” वर्ना म्हणाली. “तुला पकडता येतात का बघ.”

पोरगी खिदळली. ड्वाइट हसला नाही.

तिकीट माणशी असायचं, म्हणून एकाला डिकीत कोंबायची रीतच होती. गावातल्या पाद्र्याने केलंय, शाळेच्या मास्तरणीने केलंय. आत शिरून गाडी लागली की पुढच्याने मागच्या सीटच्या पाठीवर तीन थापा मारायच्या : पोचलो. डिकीतल्याने आतून दोन मारायच्या : ऐकलं. मग अंधार बघून त्याला बाहेर काढायचं.

वर्नाचा भाऊ वेंडेल डिकीतला पट्टीचा प्रवासी होता. बारीक, लवचिक, एकोणीस वर्षांचा. एकाहत्तरच्या ऑक्टोबरमध्ये तो ड्वाइट आणि ड्वाइटचा दोस्त चेट यांच्याबरोबर याच गाडीतून सिनेमाला गेला आणि परत आलाच नाही. दोघांनी सांगितलं, “फाटकाअलीकडेच उतरला. म्हणाला, मला मरायला व्हिएतनामला जायचं नाही. ट्रक थांबवून कॅनडाला गेला.” चेटचा बाप शेरीफच्या कचेरीत डेप्युटी, म्हणजे पोलीसच. त्याने मान डोलावली आणि चौकशी तिथेच मिटली. एका बापाने आपल्या पोराचा शब्द खरा धरला, आणि सगळ्या गावाने त्या बापाचा! एकानेही विचारलं नाही, कुठला ट्रक?

गावाने वेंडेलला पळपुटा ठरवलं. वर्नाच्या वडिलांनी भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवला. पुढे लष्करभरती चुकवून पळालेल्यांना सरकारने माफी दिली, तेव्हा आईने त्याची खोली झाडून ठेवली. तरी तो आला नाही. वर्नाने आयुष्यभर भावाचा राग केला, आणि तिचे डोळे पुसणाऱ्या ड्वाइटशी लग्न केलं.

तर गाडी लागली. पडदा उजळला. पडद्याखालच्या झोपाळ्यांवर रात्रीच्या कपड्यांतली पोरं झुलत होती. कुणी टपावर गोधडी अंथरली होती. फिल्म सुरू व्हायला उशीर झाला तसे सगळ्यांनी भोंगे वाजवले, पूर्वीसारखेच. वर्नाला भरून आलं. तिने पिशवीतून स्पीकर काढला.

“बघ काय सापडलं! चोर कुठला. कुणाबरोबर आला होतास रे, की एवढी घाई झाली?”

ड्वाइटने त्याकडे पाहिलंही नाही. “ठेव ते.”

“अरे, पण—”

“ठेव म्हटलं ना, वर्ना.”

स्पीकरवर त्रेसष्ट आकडा होता. शेपटासारखी तुटकी वायर. तिने तो मांडीवर ठेवला. पडद्यावर गाणं लागलं. त्याचा रुसवा काढावा म्हणून ती मागे वळली आणि सीटच्या पाठीवर थापा मारल्या. तीन.

“पोचलो,” ती हसत म्हणाली.

मागून उत्तर आलं.

ठक. ठक.

वर्नाचं हसू ओठांवरच राहिलं. मागची पोरं असतील... मागे गाडीच नव्हती.

पुन्हा. ठक. ठक.

आणि ड्वाइटचा हात हलला. डोळे पडद्यावरच. तोंडावर काही नाही. हात सवयीने पुढे गेला... आणि त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

वर्ना त्या हाताकडे बघत राहिली.

ठक. ठक. ठक. ठक.

त्याने आवाज आणखी वाढवला.

तिने चावी फिरवली. रेडिओ बंद. आसपास सगळं शांत.

“तुला ऐकू येतंय,” ती म्हणाली.

ड्वाइटने हात मागे घेतला.

“तुला तेव्हाही ऐकू येत होतं.”

ड्वाइट बोलला, काचेकडे बघत. “थंडी होती गं. हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं. शेजारच्या गाडीत पोरी होत्या... तो वाजवत होता. चेट म्हणाला, राहू दे जरा, मजा येईल. आम्ही स्पीकरचा आवाज वाढवला.”

“मग?”

“मग... थांबला तो.”

“मग?”

“इंजिनाचा धूर डिकीत जात होता. आम्हाला काय ठाऊक... तशीच गाडी पळवली. स्पीकर तुटून आला.”

“कुठे आहे तो?”

“चेटच्या बापाने नेला, परत इकडच्याच रस्त्याने. म्हणाला, विचारू नका.”

“आणि तू विचारलं नाहीस?”

ड्वाइटने पडद्याकडे तोंड फिरवलं.

“माझ्या आईशेजारी चर्चमध्ये बसलास, ड्वाइट. दर रविवारी. आणि विचारलं नाहीस?”

तिने चावी घेतली. उतरली. मागे गेली. कुलूप उघडलं.

डिकी रिकामी होती.

चेट मेलाय. त्याचा बाप कधीच मेला. ड्वाइटचा वकील त्याला बोलू देत नाही. वर्नाने शेरीफच्या कचेरीत तीनदा जाऊन मूनरेकरची जमीन उकरा म्हटलं. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. आज मूनरेकरवर गोदाम उभं आहे. त्याखाली काय आहे ते गोदामवाल्यांना जाणून घ्यायचं नाही, आणि शेरीफला त्याहून नाही. वडिलांनी उतरवलेला फोटो मात्र तिने पुन्हा लावलाय. जाऊन बघा.

गाडी तिच्या अंगणात आहे. विकू देत नाही, धुऊ देत नाही. शेरीफचा माणूस एकदा टॉर्च घेऊन आला, डिकीपाशी खूप वेळ उभा राहिला आणि काही न लिहिता गेला.

मार्चमध्ये घातलेलं ते नवं झाकण. त्यावर दोन टेंगळं आहेत, मुठीएवढी. पत्रा आतून बाहेर आलाय.