चढले दोन, उतरला एक

त्या सकाळी मुलीनं गाडी तीनदा पुसली. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "अगं, रंग जाईल." तिनं लक्ष दिलं नाही. कारखान्यातली नोकरी सोडून तिनं ही गाडी घेतली होती, आणि मी शाळेतून निवृत्त होऊन तिचा मदतनीस झालो होतो. निवृत्त सैनिकांना दवाखान्यात नेण्याचं वर्षभराचं कंत्राट आज एका फेरीवर ठरणार होतं. चहात साखर होती की नव्हती, दोघांनाही कळलं नाही.

काम तसं सोपं. गाडीच्या मागे लिफ्ट असते. चाकाची खुर्ची तिच्यावर उभी करायची, तिच्या काट्यावरचं वजन वहीत लिहायचं, मग आत नेऊन चार पट्ट्यांनी जखडायची. पाचवा पट्टा माणसाच्या छातीवरून. जो चढला त्याच्यापुढे तो कुठे उतरला हेही लिहायचं. रकाना रिकामा राहिला की फेरी बाद. तपासनीस बाई सगळं बघायला सोबत होत्या.

सुभेदार दारात तयार बसले होते. शेजारी आणखी एक चाकाची खुर्ची, रिकामी.

"माझ्या पलटणीतल्या जोडीदाराची," ते म्हणाले. "गेला मागच्या महिन्यात. दवाखान्याला परत करायचीय."

मुलगी ती मिटायला वाकली.

"मिटू नकोस, पोरी. आधीच त्याचे गुडघे आखडलेले."

आम्ही हसलो. सुभेदार चढले, खुर्चीसकट ऐंशी किलो. मग रिकामी खुर्ची लिफ्टवर ठेवली. एक्क्याण्णव.

"काटा बिघडलाय तुमचा," बाई म्हणाल्या. "बिघडलेल्या लिफ्टला कंत्राट नाही."

मुलीचा चेहराच उतरला. मी चटकन लिफ्टवर उभा राहिलो. बासष्ट, माझं नेहमीचं. मग बाई स्वतः उभ्या राहिल्या, आकडा पाहिला आणि घाईनं उतरल्या. खुर्ची पुन्हा ठेवली. एक्क्याण्णव.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. उलट अंगात वारं भरल्यासारखं झालं. आधी मोजा, मग बोला, हे मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. आज मोजून झालं होतं आणि बोलायला काही सुचत नव्हतं.

बाईंनी पुन्हा काट्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काटा बरोबर असेल तर आकडा लिहावा लागेल. आणि आकडा लिहिला की तो प्रवासी."

मुलीनं लिहिलं. मी पट्टे आवळले. चार सहज बसले. छातीवरचा मात्र खुर्चीच्या पाठीपर्यंत जाईना, वीतभर आधी हवेतच अडला. मी ओढला.

"हळू, मास्तर," सुभेदार म्हणाले. "फासळ्या आहेत."

वाटेत ते बोलत होते, थांबत होते, हसत होते. थांबणं दर वेळी एका वाक्याएवढं असायचं.

दवाखान्यात पट्टे सोडले, खुर्ची लिफ्टवरून उतरवली. अठरा किलो.

सुभेदारांनी वळून रिकाम्या गाडीत पाहिलं. "हट्टी मेला. दवाखाना म्हटलं की अडून बसतो." त्यांना दोन दिवस तिथंच राहायचं होतं. ते आत गेले.

बाईंनी वहीवर बोट ठेवलं. "हा दुसरा कुठे उतरला?"

"कुणी नव्हतंच, मॅडम," मुलगी म्हणाली.

"चढल्याचं तुम्हीच लिहिलंय. रकाना भरा, मी सही करते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

गाडीचा शेवटचा थांबा कुठला? आमचं घर. तिनं आमचा पत्ता लिहिला. बाईंनी सही केली. कंत्राट मिळालं.

परतताना ती मोठ्यानं गात होती आणि मी खिडकीच्या काचेवर ताल धरला होता.

घरी पोचलो तर बायकोनं उंबऱ्यावर फळी टाकून ठेवलेली.

"सुभेदारांचा फोन आला होता," ती म्हणाली. "पाहुण्यांचे गुडघे आखडलेत आणि उजव्या कानानं ऐकू येत नाही म्हणे. डावीकडून बोला."

"कोण पाहुणे?" मुलगी हसली.

मागे लिफ्ट खाली आल्याचा आवाज झाला. गाडीची किल्ली मुलीच्या हातात होती.

बायको दारातून बाजूला झाली.

फळी मधोमध वाकली. मग सरळ झाली.