नानांची पकड

जळगावातल्या आपल्या कार्यशाळेत नसरीन तडवीने तीन जुने संगणक टेबलावर मांडून ठेवले होते आणि न्यूझीलंडमधल्या डनेडिनहून हेमांगी दुसाने ते पडद्यावर पाहत होती. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. नसरीनने दहा वर्षे दूरसंचाराच्या एका प्रयोगशाळेत काढली होती. मग गावी परत येऊन तिने टाकून दिलेल्या संगणकांना नव्या कामाला लावायचा व्यवसाय थाटला. हेमांगी फिजिओथेरपिस्ट होती. आज दोघींना एक घरगुती राउटर तयार करायचा होता, तो हेमांगीच्या वडिलांच्या डाव्या हातासाठी.

मुरलीधर दुसाने, म्हणजे घरातले नाना, यांनी चाळीस वर्षे चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरली होती. उजवा हात छिन्नी चालवी, पण भांडे नेमके फिरवायचा तो डावाच. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, हात मात्र तसाच राहिला. गावातल्या उपचारकांसमोर नाना हात पुढे करत, पण जोर लावत नसत. जोर लावला आणि काही झाले नाही तर, ही भीती परक्यासमोर दाखवायची नव्हती त्यांना. लेकीपुढे ते लाजत नसत. म्हणून हेमांगीने स्पर्शमोज्यांची, म्हणजे दुरून स्पर्श पोचवणाऱ्या हातमोज्यांची, जोडी मिळवली होती. एक मोजा नानांच्या हातात, दुसरा तिच्या. एकाने दाबले की दुसऱ्याला दाब जाणवे, आणि हाताची ऊब किंवा गारवाही.

अडचण उशिराची होती. इथला दाब तिथे पोचून त्याचे उत्तर परत यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागे.

"तेवढ्या उशिरानं काय बिघडतं?" हेमांगीने विचारले.

"तू ढकललंस, त्याचं उत्तर उशिरा आलं, तोवर तू पुन्हा ढकललंस. दोन्ही हात एकमेकांशी भांडायला लागतात, थरथरतात," नसरीन म्हणाली. "जास्त वेगाची लाइन घेऊन उपयोग नाही. समुद्रतळाच्या तारेतून प्रकाश त्याच्याच गतीने जाणार. म्हणून दोन्हीकडच्या राउटरमध्ये अंदाजक बसवायचा. समोरचा हात पुढच्या क्षणी काय करेल, ते तो आधीच ओळखतो आणि मोज्याला सांगतो. खरी बातमी मागून येते, तेव्हा चूक दुरुस्त करतो."

मग तिने तिन्ही यंत्रे समजावून सांगितली. पहिले तळहाताएवढे, स्वस्त, पण इंटरनेटची तार जोडायला एकच जागा. राउटरला दोन लागतात, एक बाहेरच्यासाठी आणि एक घरासाठी. दुसरे कुठल्याशा कचेरीतून निघालेले. दोन जागा, पंखा नाही, वीज कमी खाणारे, राउटरच्या कामाला पुरेसे. तिसरे एका चित्रपट स्टुडिओने काढून टाकलेले. आठ कोअरचा ताकदवान प्रोसेसर, भरपूर स्मृती, आणि जुने म्हणून किंमत दुसऱ्याएवढीच.

"दुसऱ्यावर अंदाजक जेमतेम चालेल, अधूनमधून झटका बसेल," नसरीन म्हणाली. "तिसरा नानाकाकांच्या हाताची प्रत्येक हालचाल लक्षात ठेवेल. एकाच किमतीत मिळतोय, तर काकांसाठी चांगलाच घेऊ." तिसऱ्यासारखाच आणखी एक संगणक तिने डनेडिनला पाठवला.

आणि खरोखर, तो स्पर्श विलक्षण निघाला. पहिल्या सकाळी नानांनी डोळे मिटून मोज्यात हात घातला. मग बायकोला, प्रमिलाबाईंना, म्हणाले की पोरीचे हात अजून गारच असतात. रोज सकाळचा अर्धा तास ठरला. हेमांगीकडे तेव्हा दुपार कलत असे. ती बोटे उघडायला लावी, मिटायला लावी, आणि नाना घाम येईपर्यंत जोर लावत.

आठ आठवडे झाले, तरी हेमांगीच्या नोंदींतली रेघ वर चढेना. पहिल्या दिवशी पकड होती तेवढीच आजही. तिने इतर रुग्णांना ही गोष्ट अनेकदा सांगितली होती, आता आईला सांगायची वेळ आली. यापुढे हात फारसा सुधारणार नाही, नानांना उगाच झिजवू नये, असे ती म्हणाली. नानांनी ते बाहेरच्या खोलीतून ऐकले. त्या दिवशी त्यांनी आपल्या छिन्न्या पुसून, गुंडाळून एका ओळखीच्या कारागिराला द्यायला काढून ठेवल्या.

प्रमिलाबाईंना मात्र ते पटेना. आदल्याच दिवशी नवऱ्याने डाव्या हातात भाकरी धरून उजव्याने तुकडा मोडलेला त्यांनी पाहिला होता. हेमांगीला सांगितले, तर तिला ती आईची माया वाटली. तेव्हा बाई पदर खोचून सरळ नसरीनच्या दुकानात गेल्या.

"तुझा डबा खोटं बोलतो का गं?" त्यांनी विचारले.

नसरीनला ते लागले. तरी तिने चहा मागवला, त्यांना बसवले आणि दोन्हीकडच्या नोंदी समोरासमोर लावल्या. नानांच्या मोज्याने मोजलेली पकड दर आठवड्याला वाढत होती. हेमांगीच्या मोज्याने दिलेली पकड मात्र जागची हलली नव्हती. नसरीनने लगेच हेमांगीला पडद्यावर बोलावले.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "अंदाजक जे घडून गेलंय तेवढंच शिकतो. नाना रोज एकदोनदाच मनापासून दाबू शकतात. त्याच्या लेखी तो जास्तीचा जोर म्हणजे लाइनवरची खरखर. ती तो गाळून टाकतो. आणि गाळलेलं तो शिकत नाही, म्हणून उद्या पुन्हा गाळतो. लहान यंत्राची आठवण तोकडी, ते चुकत राहिलं असतं आणि दुरुस्त करत राहिलं असतं. मी याला इतकी स्मृती दिली, की नाना बरे होऊ शकतात हेच त्याला पटेना."

हेमांगीने विचारले, "मग आठ आठवडे मी कुणाचा हात धरत होते?"

"पहिल्या आठवड्यातल्या नानांचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नसरीनने दोन्हीकडचे अंदाजक बंद केले. आता हात थरथरतील, उत्तर उशिरा येईल, घाई करायची नाही, असे तिने नानांना बजावले. स्पर्श खरोखरच बिघडला होता. लेकीचा हात खडबडीत रस्त्यावरच्या गाडीतून येत असल्यासारखा हादरत होता. नानांनी डोळे मिटले. थरथर शमेपर्यंत थांबले, आणि मग होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांनी मूठ आवळली.

पलीकडून काहीच आले नाही. ना सूचना, ना मोजणी. नानांनी थोडी वाट पाहिली आणि डोळे न उघडताच विचारले, "लाइन गेली का?"

"नाही, नाना," हेमांगीचा आवाज आला. "बोट दुखतंय माझं. सोडा ना जरा."

नानांनी लगेच सोडले नाही.